लाल टोक

फोन उचलला तेव्हा पलीकडून आधी नुसती धाप ऐकू आली.

“बाई, गुरुजी उतरले नाहीत.”

“कोण बोलतंय?”

“फांग. होकायंत्रवाल्या बाओ गुरुजींकडचा. काल दुपारी डोंगरावर गेले. अंथरूण तसंच आहे.”

लानशिन झाननं चौकीच्या खिडकीबाहेर पाहिलं. कासवपाठीचा डोंगर जागेवर नव्हता. धुक्यानं तो पार पुसून टाकला होता. समोरच्या चहाच्या मळ्याच्या दोन ओळी दिसत होत्या, बाकी सगळं पांढरं.

“एकटेच गेले?”

“एकटेच,” फांग म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, “आमचं वाजलं होतं.”

तो दिवस हाका मारण्यात गेला. कासवपाठीचा माथा म्हणजे सपाट बांबूचं रान. तिथून उतरायच्या दोनच बाजू. दक्षिणेची पायवाट गावात येते. उत्तरेला कोल्ह्याची घळ आहे, तिकडे कोणी जात नाही. जाण्यासारखं काही नाहीच. ऐंशी वर्षांचा माणूस घरी यायला निघाला असेल तर दक्षिणेलाच उतरणार. म्हणून गावानं दक्षिणेचा उतार विंचरून काढला. भांडी वाजवली, घसे बसवले. संध्याकाळी रिकाम्या हातांनी सगळे परतले.

पायथ्याच्या शाळेची प्रयोगशाळा हेच शोधपथकाचं ठाणं झालं होतं, कारण शेगडी तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना धुकं फाटलं. लानशिन शेगडीशी बूट वाळवत होती. छाओ मावशी टोपलीतून गरम मांटो, वाफवलेले पाव, घेऊन आल्या. त्यांची टोफूची गाडी चौकीसमोरच असते आणि गावात काय चाललंय हे त्यांना पोलिसांआधी कळतं.

“खा गं पोरी. रिकाम्या पोटी शोधलं तर रिकामंच सापडतं.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “आयुष्यभर लोकांना दिशा विकल्या, आणि स्वतः हरवला? मला नाही पटत. त्या फांगला विचार. परवा केवढ्यानं ओरडत होता गुरुजींवर!”

“काय ओरडत होता?”

“‘ते मातीत घालू देणार नाही,’ असं.”

दार उघडलं. बाओ जिंगलिन आत आले. गुरुजींचा एकुलता एक मुलगा, या शाळेतला विज्ञानाचा मास्तर. लानशिन त्यांच्याच हाताखाली शिकलेली. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, डोळे लाल. रात्रभर ते उतारावर होते.

“सर, बसा. चहा घ्या.”

ते बसले, पण कप हातात नुसता धरून ठेवला. लानशिनचं लक्ष मांडणीकडे गेलं. सगळं तसंच होतं. बेडकाची बरणी. भिंतीवर तोच जुना तक्ता: लाल म्हणजे उत्तर, निळं म्हणजे दक्षिण, सजातीय ध्रुव दूर ढकलतात, विजातीय जवळ ओढतात. त्याखाली पट्टीचुंबकांच्या लाकडी पेट्या. प्रत्येक पेटीत दोन चुंबक, लाल टोकाशी निळं, टोकांना लोखंडी पट्ट्या. तिनं हातचाळा म्हणून एक पेटी उघडली. त्यात एकच चुंबक होता.

“जोडीदार कुठे गेला याचा?”

“मुलं हरवतात,” जिंगलिन म्हणाले. “तुम्हीही काय कमी होतात!”

ती हसली. त्याच क्षणी फांग दारात आला. साठीचा, वाकलेला, चाळीस वर्षं गुरुजींच्या हाताखाली काढलेला माणूस. त्याला पाहताच जिंगलिन उठले.

“फांगदा, तू त्यांना एकटं सोडलंसच कसं?”

“मास्तर, तुम्ही मला विचारता? गेल्या वर्षभरात कितीदा त्यांच्याशी बसून जेवलात?”

“त्यांनीच मला कारखान्यातल्या त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं!”

“पुरे,” लानशिन म्हणाली. “फांग, चला. मला कारखाना दाखवा.”

बाओंचा कारखाना म्हणजे नदीकाठचं दोन खोल्यांचं घर. एकेकाळी तिथे वीसेक माणसं होकायंत्रं बनवायची. आता झेजियांग प्रांतातल्या यंत्रांवर तीच वस्तू तासाला शेकड्यानं निघते. उरले होते गुरुजी आणि फांग. लाकडाचा भुसा, लाखेचा वास. भिंतीवर आजोबांच्या काळचं ताटाएवढं होकायंत्र. मागे कुलूप घातलेली छोटी खोली.

“भांडण कशावरून झालं?” लानशिननं विचारलं.

“दगडावरून.”

“कुठला दगड?”

“चुंबकदगड. या घरात सात पिढ्या आहे. सगळ्या सुया त्याच्यावरच घासतात.” फांगनं खाली पाहिलं. “गुरुजी म्हणाले, आता हे पुढे चालवणारं कोणी नाही. मुलगा मास्तर झाला, तू म्हातारा झालास. दगड माझ्याबरोबर शवपेटीत जाईल. मी म्हणालो, मातीत घालू देणार नाही.”

“मग डोंगरावर कशाला गेले?”

“स्वतःच्या कबरीची जागा ठरवायला. छिंगमिंगला सगळे कबरी झाडायला जातात, त्याआधी.”

“तुम्ही बरोबर का गेला नाहीत?”

“अहो, माणूस स्वतःची कबर मापायला निघालाय आणि मी बरोबर जाऊ? मी म्हणालो, नाही येत जा! हेच शेवटचं बोललो.”

लानशिननं विचारलं, “बरोबर होकायंत्र होतं?”

“होतं की. त्यांचं स्वतःचं. सुई मंदावली होती, म्हणून जायच्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः नव्यानं घासली.”

“तपासली?”

फांगनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती भर बाजारात काहीतरी अचकट बोलली.

“बाई, नवी घासलेली सुई झोपलेली असते. लाल फडक्यात गुंडाळून ठेवायची. अमावास्येपर्यंत उघडायची नाही. गुरुजींची स्वतःची तेवढी या नियमातून सुटते, पण तीही गावाच्या हद्दीत नाही. डोंगरावर गेल्यावरच तिचं तोंड पाहायचं.”

“आणि चुकलेली निघाली तर?”

“चुकलेली सुई ज्यानं घासली त्यानंच मोडायची. दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ नये म्हणून. माझ्या उमेदवारीत मी बऱ्याच मोडल्या. गुरुजींनी मोडलेली मी पाहिली नाही.”

“या वर्षीच्या नव्या सुया कुठे आहेत?”

त्यानं खण ओढला. लाल फडक्यातली पुरचुंडी न पुरचुंडी ओळीनं मांडलेली. घासणं वर्षातून एकदाच होतं, छिंगमिंगच्या तोंडावर. याच आठवड्यात झालं होतं.

“एक उघडा.”

“बाई...”

“फांग, गुरुजी हरवलेत.”

त्यानं हात पुसले आणि फडकं सोडलं. तळहाताएवढी लाकडी थाळी, मध्ये काचेखाली बोटाच्या पेराएवढी सुई. एक टोक अणकुचीदार; त्याला इथे चोच म्हणतात. दुसऱ्या टोकाला कडी, ते शेपूट. सुई डुलली आणि थांबली.

“चोच कुठे दाखवते?” लानशिननं विचारलं.

“दक्षिण. आपली सुई दक्षिण दाखवते, सगळ्या जगाला माहीत आहे.”

“आणि या घराचं दार?”

“दक्षिणेला. नदीकडे.”

“मग हिची चोच चुलीकडे का?”

फांगनं थाळी फिरवली. सुई पुन्हा चुलीकडे वळली. त्यानं दुसरं फडकं सोडलं, तिसरं सोडलं. सगळ्या चोची चुलीकडे, उत्तरेकडे.

भिंतीवरच्या आजोबांच्या होकायंत्राची चोच मात्र शांतपणे दाराकडे होती.

“दगड आणा,” लानशिन म्हणाली.

खोलीची किल्ली पाटाखाली होती. फांग आत गेला आणि दोन्ही हातांवर एक काळा दगड घेऊन आला. खडबडीत, मोठ्या रताळ्याएवढा, एका टोकाला लाल लाखेचा पट्टा.

“हाच का तो?”

“हाच म्हणजे? दुसरा कुठला?” त्यानं दगड खिळ्यांच्या डब्यावर धरला. खिळे उड्या मारून चिकटले. “बघा. तोच आहे.”

“लोखंड कुठल्याही चुंबकाला चिकटतं, फांग. दोन्ही टोकांना चिकटतं. ओढण्यावरून काही कळत नाही.” हे वाक्य आपलं नाही, हे बोलताना तिला जाणवलं. “लाल टोकानं काय घासता?”

“शेपूट. आतून बाहेर, एकाच दिशेनं. लाल टोक म्हणजे दगड टांगला की दक्षिणेला फिरणारं टोक. त्यानं घासलेलं शेपूट उत्तरेला जातं आणि चोच दक्षिणेला. सात पिढ्या हेच.”

“म्हणजे लाल टोक दक्षिण ध्रुव. आणि चोचही दक्षिण ध्रुव. दोघं समोरासमोर आले तर?”

“चोच पळणार. दगडाचं लाल टोक पाहून चोच नेहमी पळते.”

लानशिननं भिंतीवरचं जुनं होकायंत्र उतरवून टेबलावर ठेवलं आणि दगडाचं लाल टोक हळूहळू चोचीजवळ नेलं.

चोच पळाली नाही. ती झेपावली आणि काचेला टेकून दगडाकडे ताणून राहिली, जशी वासराला आई सापडावी.

फांगनं दगड तिच्या हातातून काढून घेतला आणि लाल पट्ट्यावरून नख फिरवलं.

“हा आपला दगड नाही,” तो म्हणाला.

“नाही. याचं लाल टोक उत्तर ध्रुव आहे. याच्यावर घासलेली प्रत्येक सुई उलटी.” लानशिन दाराकडे धावली. “धुक्यात, बांबूच्या रानात, गुरुजींनी सुई पाहिली. डोळ्यांवर विश्वास ठेवला असेल की सुईवर?”

“डोळ्यांवर? एका डोळ्याची तर शस्त्रक्रिया झालीय.” फांग कसनुसा हसला. “आम्हाला रोज सांगायचे, डोळा फसवतो, पाय फसवतो, सुई फसवत नाही.”

प्रयोगशाळेत माणसं पुन्हा दक्षिणेला निघायच्या तयारीत होती. लानशिन दारातूनच म्हणाली, “सर, या वर्षीच्या सुया उलट्या घासल्या गेल्यात.”

जिंगलिनच्या हातातला कप फरशीवर पडला. त्यांनी काही विचारलं नाही. कोणत्या सुया, कशा उलट्या, काहीच नाही.

“कोल्ह्याची घळ,” एवढंच म्हणाले आणि कोट न घेता पळत सुटले.

लानशिन क्षणभर त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिली. मग तीही धावली.

गुरुजी सापडले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घळीच्या तळाशी, कातळाला पाठ टेकून बसलेले. उजवा पाय घोट्यातून वळलेला. टोपी नीट डोक्यावर. मांडीवर होकायंत्र, त्याची काच काढून बाजूला ठेवलेली. जिंगलिन सगळ्यांच्या आधी पोहोचले होते. आपला सदरा काढून त्यांनी वडिलांच्या खांद्यांवर घातला होता आणि त्यांचे तळवे चोळत बसले होते. ते कितीही चोळले तरी उपयोग नव्हता.

गावच्या डॉक्टरांनी वाकून पाहिलं, गुरुजींची बोटं दुमडून पाहिली. मग लानशिनला बाजूला घेतलं.

“आज सकाळपर्यंत जिवंत होते.”

“नक्की?”

“अजून पुरते आखडलेले नाहीत. थंडीनं गेले. पायानं कोणी मरत नाही.”

गुरुजींची डावी मूठ मिटलेली होती. लानशिननं ती हळूच उघडली. आत सुईचे दोन तुकडे होते.

गुरुजींना कारखान्याच्या पुढच्या खोलीत ठेवलं. पायाशी दिवा, भाताच्या वाडग्यात उभ्या रोवलेल्या जेवणाच्या काड्या. छाओ मावशी परलोकातल्या खर्चासाठी कागदी नोटा जाळत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लानशिननं जिंगलिन आणि फांग यांना प्रयोगशाळेत बोलावलं. टेबलावर फडक्यात दगड होता, शेजारी हातोडी.

“फांग, तुम्ही चोरलात का दगड?”

“बाई!”

“गाव तसंच म्हणतं. पण तुम्ही चोरला असतात, तर लाल पट्टा बरोबर टोकाला ओढला असतात. चाळीस वर्षं त्या टोकानं शेपूट घासलंत. तुमच्याकडून ही चूक होणारच नाही. दगड बदलला तो लाल म्हणजे उत्तर असं मानणाऱ्या माणसानं. इतकं पक्कं, की तपासून पाहावं असंही त्याला वाटलं नाही.” ती भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत नव्हती. पाहायची गरज नव्हती. “गुरुजींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया कधी झाली?”

“नववर्षानंतर,” फांग म्हणाला. “मी जिल्ह्याच्या दवाखान्यात त्यांच्या उशाशी होतो.”

“आणि तेव्हा इथे घरी कोण होतं?”

फांगनं हळूहळू मान जिंगलिनकडे वळवली.

“सर,” लानशिन म्हणाली, “काल मी फक्त सुया उलट्या आहेत म्हणाले. दगडाचं नावही काढलं नव्हतं. तुम्ही काही न विचारता उत्तरेला धावलात.”

जिंगलिन टेबलाकडे पाहत होते.

“फोडू?”

“फोड.”

एका घावात दगड दुभंगला. आत सिमेंट होतं, वरून लोखंडी वाळूचा थर. सिमेंटच्या पोटात एक पट्टीचुंबक, अर्धा लाल, अर्धा निळा. निळ्या भागावर शाळेचं नाव. लाल टोक पट्ट्याच्या बाजूला.

लानशिननं तो काढून मांडणीतल्या पेटीत, त्या एकट्या चुंबकाशेजारी ठेवला. जोडी पुरी झाली.

“विकलात?” फांगनं विचारलं.

“नाही!” जिंगलिन पहिल्यांदाच ओरडले. मग उठून त्यांनी कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलं आणि तळातून लोकरीत गुंडाळलेला दगड काढला. “इथेच आहे. लोखंडात ठेवला, म्हणजे दुसऱ्या कशाचा त्रास होणार नाही. त्या नकलेच्या जवळसुद्धा नेला नाही कधी. जुना चुंबक, बिघडेल म्हणून. नेला असता तर लाल लालला चिकटलेलं दिसलं असतं.” ते खाली बसले. “ते मातीत घालणार होते, फांगदा. नववर्षाला मला तसं म्हणाले होते. सात पिढ्यांचं. मी म्हटलं, खोटा जाऊ दे त्यांच्याबरोबर. खरा राहील. वजन जुळवलं, ओढ जुळवली. लाल तिकडे लाल लावलं.”

“मला विचारायचं होतंत,” फांग म्हणाला.

“तू सांगितलं असतंस? मुलगा शाळेत गेला म्हणून त्या खोलीचा उंबरा मला बंद. आत लाल म्हणजे काय, मला कोण सांगणार होतं?”

“मीही तेच म्हणत होतो, मास्तर. मातीत घालू नका म्हणून. तेच.” फांगनं तोंड फिरवलं. “दोघं एकाच बाजूला होतो, आणि एकमेकांना कळलं नाही.”

जिंगलिन सिमेंटचे तुकडे गोळा करायला लागले.

“त्यांना कळलं होतं का?” जिंगलिननं विचारलं.

लानशिनला खोटं बोलता आलं असतं. पण समोर तिला शिकवणारा माणूस होता.

“काल उजाडताना धुकं फाटलं. घळीत ऊन आलं असेल ते चुकीच्या बाजूनं. सुई म्हणत होती पूर्व इकडे, आणि सूर्य तिकडून उगवला. दोघांपैकी कोण खोटं, हे त्यांना कळायला वेळ लागला नसेल. मग त्यांनी काच काढली आणि सुई मोडली. कोणाच्या हाती जाऊ नये म्हणून.” ती थांबली. “सुई स्वतःच घासली होती. हात चुकला नव्हता. म्हणजे दगड बदललाय, हेही कळलं असणार.”

“आणि कोणी?”

“ते मला माहीत नाही, सर.”

“तेव्हा मी कुठे होतो?”

उत्तर त्यांना ठाऊक होतं. ते इथे होते. हातात चहाचा कप होता, आणि खिडकीतून ते डोंगराचा दक्षिण उतार पाहत होते.

“मला कुठे यायचंय ते सांग,” शेवटी ते म्हणाले.

“चौकीत. जबाब घ्यावा लागेल. कलम कोणतं लावायचं, ते मला अजून कळलेलं नाही. वरचे ठरवतील.”

“आणि दगड?”

फांगनं तो लोकरीत पुन्हा गुंडाळला, लहान मूल गुंडाळावं तसा. “गुरुजींनी सांगितलं तसंच होईल. उद्या त्यांच्याबरोबर.” मग म्हणाला, “मी छिंगमिंग झाल्यावर झेजियांगला जातो. तिथे यंत्र घासतं. मला डब्यात भरायचं काम देतायत.”

कोणी त्याला थांब म्हणालं नाही.

लानशिननं खिशातून पाकीट काढलं. “सर, हे घरच्यांना द्यायचं आहे. सही हवी.”

जिंगलिननं सही केली आणि पाकीट उलटं केलं. सुईचे दोन तुकडे टेबलावरच्या काचेवर पडले. एकात चोच, दुसऱ्यात शेपटाची कडी. जिंगलिननं बोटानं ते एकमेकांपासून दूर सारले.

तुकडे जरा थरथरले. मग मोडलेली टोकं एकमेकांकडे वळली, काचेवरून सरकली आणि टक्‌ करून चिकटली.

दरवर्षी ते मुलांना हेच करून दाखवायचे. चुंबक कितीही तोडा, एकटा ध्रुव वेगळा काढता येत नाही. प्रत्येक तुकड्याला पुन्हा दोन टोकं येतात, आणि मोडलेल्या जागा एकमेकांना ओढतात. मुलं टाळ्या वाजवायची.

सुई आता अखंड दिसत होती. त्यांनी ती कागदाच्या कपट्यावर ठेवून पाण्याच्या बशीत हळूच सोडली. चोच वळली आणि उत्तरेला जाऊन थांबली.